बोडीत गेलेला बॉल

करडी
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

करडी संघाचे पहिल्या बेसवरचे खेळाडू श्री. टेकचंद यांना,
रविवार मिश्र सॉफ्टबॉल लीगच्या पंचांचा नमस्कार.

घरच्या माणसाला असं पत्र लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. पण तुम्ही फोन मुद्दाम फ्रीजवर ठेवून गेलात, आणि अड्याळला तुमच्या बहिणीच्या, गोदावरीबाईंच्या फोनवर मी आहे असं कळलं की तुम्ही अंघोळीला जाता. थंडीच्या दिवसांत इतक्या वेळा अंघोळ करणारा माणूस मी संसारात कधी पाहिला नव्हता. म्हणून हे पत्र. प्रविणचा भाजीचा टेम्पो अड्याळच्या बाजाराला जातो, त्याच्या हाती देते आहे. सोबत तिळगुळाचा डबा आहे, कारण आज संक्रांत आहे. गुडघ्याचा पट्टाही आहे, कारण रुसून निघालेल्या माणसाच्या तो लक्षात राहत नाही. तिळगूळ खा. गोड बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आता रविवारचं. चिखल्याच्या पिचरने टाकलेला बॉल तुम्ही शेताचे दोन्ही बांध-धुरे ओलांडून थेट बोडीत घातला. मंगरूकाकांच्या धानाच्या बांध्यांत आपण खेळायला लागलो तेव्हाच ठरलं होतं की पुरुषाने मारलेला बॉल दुसऱ्या धुऱ्यापलीकडे, बोडीच्या पाण्यात पडला की होमरन. तेव्हा तो होमरन होता, आणि तुमच्या आयुष्यातला पहिलाच होता. त्याबद्दल कोणाचंही दुमत नाही. पण होमरन झाला तरी चारही बेस शिवावे लागतात. दुसऱ्या बेसचं पोतं जागच्या जागी होतं, कोंड्याने गच्च भरलेलं, आणि तुम्ही त्याच्या हातभर बाजूने निघून गेलात. मी पाहिलं.

पाहिलं तरी पंचाने आपणहून तोंड उघडायचं नसतं. समोरच्या संघाने पुढचा बॉल टाकायच्या आधी विचारलं, तरच सांगायचं. बॉल टाकला की विषय संपला. त्यांनी विचारलं आणि मी आउट दिलं. यात माझं काय चुकलं, ते लिहून कळवावं.

विचारलं आपल्या सुनेने, हे तुम्हाला जास्त लागलं असणार. अनुपची नोकरी चिखल्याच्या खाणीत, म्हणून कीर्ती चिखला कॉलनीकडून खेळते. त्याला इलाज नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिला अंगणात उभी करून, ‘बेस सुटला का इचारजो, समोर सासरा असन तरी’ हे कोणी शिकवलं? मी तर स्वयंपाकघरात होते.

राहिलं होमची प्लेट झाडण्याचं. खुशाल, आपला कॅप्टन, गावभर सांगतो आहे, ‘काकू प्लेट झाडत बसल्या नसत्या त तेवढ्यात पुढचा बॉल पडून गेला असता. कीर्तीवहिनीले सुचलंच नसतं.’ तुमच्याही मनात हेच आहे, मला माहीत आहे. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण मॅच संपल्यावर बूट न बदलता संध्याकाळची बस धरणारा माणूस पुष्कळ बोलून जातो. तर लेखी सांगते. प्लेटवर धूळ होती. धूळ असली की पंचाने खेळाडूंकडे पाठ करून प्लेट झाडायची असते. मी तुमच्याच मागावरच्या जुन्या कुंच्याने झाडली. नेहमी झाडते तशी.

घरी सगळं ठीक आहे.

पंच


करडी
शनिवार, १८ जानेवारी

श्री. टेकचंद यांना,

डबा पोचला. घासलेला होता, आणि आत तिळगुळाचा एकच लाडू परत आला. याचा अर्थ मी दोन दिवस लावते आहे. भांडण संपायला एक लाडू कमी पडतो, असं म्हणायचं आहे, की गोदावरीबाईंनी मोजून दिला? प्रविणला विचारलं तर तो म्हणाला, ‘मामाजीनं फक्त डबा देल्ला. तोंडानं काही नाई बोल्ले.’

काल आपल्या संघातल्या रत्नमालाच्या अंगणात लीगची सभा झाली. तुमची खुर्ची रिकामी होती, त्यावर कोणी बसलं नाही. रत्नमालाने चहाही तुमच्या नावाचा एक जास्तच केला आणि शेवटी तो मंगरूकाकांनी प्यायला. तुमचा होमरन म्हणजे आता लीगचा प्रश्न झाला आहे. पहिला ठराव खुशालने मांडला की बेस सुटला तर पंचाने स्वतःच सांगावं, समोरच्याने विचारायची भानगड नको. मी म्हटलं, मग खेळाडूंनी डोळे कशाला आणायचे मैदानावर, घरीच ठेवा. तो पडला. दुसरा ठराव असा की साठीच्या वरच्या माणसाने होमरन मारला तर त्याने बेस शिवायची गरज नाही, खाटेवर बसून राहिला तरी चालेल. हा मांडला अड्याळच्या कॅप्टनने, हसत हसत, आणि तुमच्या माहितीसाठी सांगते, चार जणांनी खरोखर हात वर केले. तिसरा ठराव नवराबायको एका मैदानावर असतील तर बायकोने पंचगिरी करू नये असा होता. त्यावर रत्नमाला उठली. म्हणाली, ‘मंग दुसरा पंच आना न जिल्ह्यातून. यायले पेट्रोल कोन देईन? आन् काकूनं नवऱ्याले आउट देल्लं, वाचवलं नाई. याच्यावरून काढाचं आहे का काकूले?’ तोही पडला.

मग जुनंच भांडण निघालं, होमरनला बायकांसाठी पहिला धुरा आणि पुरुषांसाठी दुसरा, हे ठेवायचं की नाही. कीर्ती चिखल्याहून तेवढ्यासाठी आली होती. ती म्हणाली, आम्हालाही दुसराच धुरा द्या, कमी पडलो तर पडलो. एरवी या मुद्द्यावर ती तासभर भांडते. काल एवढंच बोलली आणि खाली बसली.

सभा झाल्यावर ती घरी आली. स्वयंपाकघरात येऊन भाजी निवडायला घेतली, आणि निवडताना मेथीची देठं ठेवून पानं टाकायला लागली, तेव्हा मला कळलं. म्हणाली, ‘आई, म्या इचारलं नसतं त बाबानंच मले रागावलं असतं. दिसून नाई इचारलं म्हून. आता इचारलं त घरच सोडून गेले. मी करू त काय करू?’

मी तिच्या हातातून मेथी काढून घेतली. याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर कळवा.

चिखल्याच्या लोकांनी तिच्या हाती निरोप पाठवला होता. ते म्हणतात, आम्ही आमचं अपील मागे घेतो, काकांचा रन धरा, मॅच बरोबरीत सुटली असं लिहा. मनाने चांगली माणसं आहेत. पण मी नाही म्हटलं. मागे घ्यायचं असतं तर तेव्हाच घ्यायचं होतं. आणि तुम्हालाही कोणी वाढलेला होमरन गोड लागला नसता. इतकं तरी मी तुम्हाला ओळखते.

फायनल दोन फेब्रुवारीला, आपल्याच मैदानावर, पुन्हा चिखल्याशीच आहे. कीर्ती म्हणते, बाबा नसतील तर मी खेळणार नाही. तिच्या संघात बायका आधीच मोजक्या. ती नसली तर प्रत्येक फेरीत तिच्या नावावर एक आउट लागेल. तुमच्या रुसण्याचा फायदा आपल्या संघाला होतो आहे, अभिनंदन.

पंच


करडी
शुक्रवार, २४ जानेवारी

अहो,

आज पंच म्हणून लिहीत नाही. पंचाला अड्याळच्या अंगणात काय चाललंय याच्याशी काही घेणंदेणं नसतं, आणि मला आहे.

गोदावरीबाईंचा फोन आला होता. तुम्हाला चोरून, गोठ्यामागे उभं राहून बोलत होत्या. म्हणाल्या, ‘वहिनी, दादाचं काही खरं नाई. रोज संध्याकाळी आंगनात चार पोते ठेवते आन् भोवताल चालून राह्यते. लोकं कुंपनावरून पाहून राह्यले. म्या म्हटलं काय करून राह्यला दादा, त म्हने, व्यायाम.’ पुढे म्हणाल्या, ‘आन् दुसऱ्या पोत्यापाशी आला का मान मोडून मांगं पाह्यते. मांगं काय पाह्यते कोन जाने. मांगं त गोठा आहे!’

गाईंकडे काय पाहता? त्या काही अपील करणार नाहीत.

पाय लागला होता की नाही हे तुम्ही अजून पडताळून बघताय, असं मला वाटतं. बघा. पण पट्टा बांधून बघा. नागपूरच्या डॉक्टरांनी फायनलनंतरच्या आठवड्यातली तारीख दिली आहे, त्यांचा काल फोन आला होता. एकदा गुडघा बदलला की पळणं बंद, हे त्यांनी पुन्हा बजावलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तुमची बॅट कोपऱ्यातून काढून पुसली आणि परत कोपऱ्यात ठेवली.

सरावाला तुमच्या जागी खुशालचा चुलतभाऊ उभा राहतो. पोरगा चांगला आहे, हात तेवढे चांगले नाहीत. फेकलेला प्रत्येक बॉल तो आधी छातीने अडवतो आणि मग शोधतो. रत्नमाला म्हणाली, ‘काकाजी असते त डोळे झाकून फेकला असता म्या.’ तुम्हाला हे सांगू नको म्हणाली होती.

दुकान मीच उघडते. परवा तुमसरची एक बाई कोसा साडी बघायला आली, तिने हा हाताचा आहे की यंत्राचा, असं विचारलं. तुम्ही असता तर पदराचं टोक तिच्या बोटांत देऊन अर्धा तास मागाची कहाणी सांगितली असती. मी म्हटलं हाताचा. ती बाई काही न घेता गेली. सकाळी चहा अजून दोन कप होतो. हात ऐकत नाही.

आणखी एक. रत्नमाला त्या मॅचमध्ये पुढची बॅटिंग करायला प्लेटच्या अगदी जवळ उभी होती, तुम्हाला आठवत असेल. काल बोलता बोलता ती म्हणाली, ‘पन काकू, प्लेट त साफ होती. मी पाहून राह्यली होती न.’ मी तिला म्हटलं, पंचाला धूळ दिसली म्हणजे धूळ आहे. मी विषय बदलला.

कीर्ती अजून नाहीच म्हणते. अनुपचं ती ऐकत नाही, माझं ऐकत नाही. ती फक्त तुमचं ऐकते, आणि म्हणूनच हे सगळं झालं.

डब्यात जवसाची चटणी आहे. गोदावरीबाईंना द्या, सगळी एकटे खाऊ नका.

जानकी


करडी
गुरुवार, ३० जानेवारी

प्रिय टेकचंद,

लग्नानंतर तुम्हाला नावाने हाक मारायची हिंमत पहिल्यांदा करते आहे, तीही तुम्ही दोन तालुके दूर असताना. वाचून झालं की पत्र गोदावरीबाईंच्या हाती लागू देऊ नका.

रत्नमाला खरं बोलत होती. प्लेट साफ होती.

मी काय पाहिलं ते आता सगळं सांगते. बॉल बॅटला लागला त्या आवाजावरूनच मला कळलं की हा जाणार. पहिला धुरा गेला, दुसरा गेला, आणि बोडीवरचे बगळे एकदम उडाले तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं. चिखल्याची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. सॉफ्टबॉल तुम्हाला मी शिकवला. मी शाळेतली खेळाची बाई, आणि तुम्ही मागावरून उठून, खळ लागलेल्या हातांनी मला घ्यायला मैदानावर यायचात आणि काठावर बसून राहायचात. एक दिवस मीच म्हटलं, नुसतं बसता काय, बॅट धरा. तेव्हापासून तुम्ही खेळता आहात. इतक्या वर्षांत तुमचा बॉल कधी दुसऱ्या धुऱ्यापर्यंतही गेला नव्हता. तुम्ही दर वेळी आउट होऊन यायचात आणि म्हणायचात, ‘पुढच्या रविवारी’. आता रविवार उरले नव्हते, आणि तो बॉल गेला.

तुम्ही पळत नव्हता, चालतच होता, एक पाय ओढत. पहिला बेस शिवलात. दुसरा सुटला. तुम्हाला परत फिरा म्हणायचा मला अधिकार नव्हता. तिसऱ्यावरून वळून तुम्ही माझ्याकडे यायला लागलात तेव्हा हेल्मेट हातात होतं आणि तुम्ही हसत होता. आपल्या लग्नाच्या फोटोंत एकाही फोटोत तुम्ही हसलेले नाही, मी अजून त्यावरून चिडवते. तसा माणूस दात दाखवत, लंगडत, पोरासारखा येत होता. होमवर तुमचा पाय पडला, तो मी नीट पाहिला. आणि मग माझे डोळे भरून आले. आनंद झाला होता, आणि हा होमरन माझ्याच हातून जाऊ शकतो हेही ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी सहन होईना.

पंच रडते आहे हे दोन्ही संघांनी पाहिलं असतं तर मला पुन्हा त्या प्लेटमागे उभं राहता आलं नसतं. म्हणून मी वळले आणि वाकले, आणि साफ प्लेट झाडत बसले, डोळे कोरडे होईपर्यंत. पदर लावता येत नव्हता, सगळ्यांनी पाहिलं असतं. नाक तेवढं ओढून घेतलं. तेवढ्या वेळात कीर्तीने विचारलं. खुशाल म्हणतो ते बरोबर आहे. मी लगेच खेळ सुरू केला असता तर पुढचा बॉल पडून गेला असता. तुमचा होमरन नियमाने गेला हे खरं, पण नियमाला वेळ माझ्या रडण्याने मिळाला.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. नियम लिहायला सोपे वाटले. शिवाय तुमच्यासाठी रडले हे कबूल करायचं तर आधी तुमच्यावर किती जीव आहे ते कबूल करावं लागलं असतं, आणि ते काम मी आजवर भाजीभाकरीवर भागवत आले आहे. आहे जीव. फार आहे. घर खायला उठतं. तो उरलेला तिळगूळ मी अजून खाल्लेला नाही.

रविवारी या. पहिल्या बेसवर उभे राहा, कीर्तीला समोरून डोळ्यांनी ‘खेळ’ म्हणा, ती खेळेल. नंतर आपण दोघं नागपूरला जाऊ. फक्त एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुन्हा अड्याळची बस नको. बेस सुटला आणि समोरच्याने विचारलं, तर मी आउटच देईन.

तुमची,
जानकी


अड्याळ
शनिवार, १ फेब्रुवारी

जानकी,

मले लिहाची सवय नाई, तुले मालूम आहे. बोलतो तसं लिहून राहिलो.

तुह्ये चारही पत्र भेटले. पहिले तीन वाचून मी काहीच लिहिलो नाई, कारन तू धूळ म्हनून राहिली होती आन् मले धुळीबद्दल काहीच बोलाचं नवतं.

बेस सुटला हे मले तवाच मालूम होतं. तिथंच, दोन पावलं पुढं गेल्यावर. वापस फिरलो असतो त चाललं असतं, पन पाय वळेना. आउट देल्ल्याचा राग नाई. कीर्तीवर त मुळीच नाई. तिले फोन केलो मी आज, गोदीच्या फोनवरून. म्हटलं, पोरी, तू बरोबर इचारलं, मी शिकवलो तसंच. उद्या खेळाचं आहे तुले, आन् माह्या बेसवर लक्ष ठेवजो. लई रडली. मंग हसली.

बेस काहून सुटला ते सांगतो. पहिल्या बेसवरून वळलो न, त सगळे लोक बोडीकडं पाहून राह्यले होते. मी मान मांगं करून होमकडं पाह्यलो. तू पाहून राहिली का नाई, ते पाहाचं होतं मले. तू पाहून राहिली होती. मी तुह्याकडं पाहता पाहता पोत्याच्या बाजूनं निघून गेलो. इथं आंगनात पोते ठेवून पाह्यलो, तरी दुसऱ्या पोत्यापाशी मान मांगं फिरतेच. गोदी म्हनते येडा झाला. मांगं गोठा आहे हे मलेही दिसते.

आन् मंग होमवर आलो. तुह्यापुढं उभा राहिलो. वाटलं, पंच आहे, बोलनार त नाई, पन पाहीन त खरी. तू पाठ फिरवली आन् खाली वाकली. मी तिथंच उभा होतो. लोकं पाठीवर मारून राह्यले होते, मी तुह्या पाठीकडं पाहून राहिलो होतो. म्हटलं, एवढ्या वर्षांत एक बॉल बोडीत गेला, आन् हिले प्लेट झाडाची पडली. मंग बस पकडलो. बाकी काही नाई.

तू रडत होती हे मले काय मालूम! पाठीवरून रडनं दिसत नाई कोनाले.

उद्या सकाळच्या बसनं येतो. पट्टा बांधला आहे. बॉल बोडीत जाईन असं काही वाटत नाई, पहिल्या धुऱ्यापर्यंत गेला तरी बस झालं. कुंचा घेऊन येजो, खरंच धूळ असन त झाडजो. तो लाडू खाऊ नको, अर्धा मले ठेवजो.

आन् होमवर आलो का तोंड माह्याकडं ठेवजो. डोये भरले त भरू दे, पाहू दे सगळ्याइले. मंग पाहिजे त आउट देजो.

टेकचंद